केनयार्डातली खरखर

सकाळी साडेनऊला दिशानं साखर कारखान्याच्या कॉम्प्युटरवरच्या लिनक्समधली आवाजाची लायब्ररी बदलली आणि दहाच्या आत एकशेदहा बैल संपावर गेले.

ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. दहा प्रोग्रॅमना लागणारं एकच काम एकदाच लिहून ठेवलेली सामायिक पेटी. ती अकरा वर्षं जुनी, आणि तिच्यापायी दुसरं कुठलंच अपडेट बसेना. दिशाला सावेडीहून इथे नोकरीला येऊन पाच महिने झाले होते. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे शेतकी अधिकारी रामहरीसाहेब आज ठरवणार होते. त्यांची अट एकच होती: नवं काहीही घाला, जुनं बंद पडता कामा नये.

दिशानं नवी लायब्ररी जुन्याच नावानं बसवली. नंबर पुकारणाऱ्या प्रोग्रॅमला पेटी बदलल्याचा पत्ताही लागला नाही. कर्ण्यातून नव्या लायब्ररीतल्या बाईचा आवाज आला, "गाडी नंबर बेचाळीस, काट्यावर घ्या." ज्वारीच्या पानावरचं दव खाली घरंगळावं तसा नितळ.

केनयार्डात, ऊसगाड्या थांबतात त्या आवारात, सगळ्यात पुढे बेचाळीस नंबरची गाडी पाथर्डीच्या साळूबाईंची. त्यांनी कासरा हलवला, शेपटी पिळली, शेवटी बैलाच्या आईबापाचा उद्धार केला. त्यांचा पाखऱ्या बसल्या जागी रवंथ करत राहिला. मागे चोपन्न गाड्या. गाळपाचा ऊस टाकतात त्या गव्हाणीत ऊस पडेना. रामहरीसाहेब घड्याळ बघत येऊन उभे राहिले.

बैलांना नवी बाई आवडली नसेल म्हणून दिशानं जुन्याच बाईचा आवाज लावला. एकही शिंग हललं नाही. जुनी लायब्ररी परत घालू म्हटलं, तर नवी सिस्टीम तिला उंबऱ्यातच घेईना.

"बाईचं न्हाई गं," साळूबाई म्हणाल्या. "बाई बोलायच्या आधी खर्रर्र वाजायचं. माजा पाखऱ्या त्येच्यावर उठायचा."

दिशाला आता उमगलं. जुनी लायब्ररी सुरू होताना खरखरायची. नव्या लायब्ररीच्या कर्त्यांनी तो दोष मोठ्या अभिमानानं काढून टाकला होता. चार हंगाम बैल त्या दोषाचंच ऐकत आले होते.

काटा क्लार्क बिभीषणकाकांच्या मोबाईलमध्ये यार्डाचा एक जुना व्हिडिओ निघाला. दिशानं त्यातली खरखर कापून प्रोग्रॅममध्ये जोडली. नव्या लायब्ररीनं ती कचरा समजून तत्परतेनं पुसली. दिशानं कर्त्यांना तातडीचा निरोप धाडला. त्यांनी लगेच विचारलं, किती वापरकर्त्यांना त्रास होतोय? तिनं खरा आकडा कळवला, वर त्यांना शिंगं आहेत हेही कळवलं. मग उत्तर आलं नाही.

इकडे गाडीवान चिडले. त्यांना दोन शब्द सांगावेत म्हणून बिभीषणकाकांनी माईक हातात घेतला. माईक सरळ कर्ण्याला जोडलेला, कॉम्प्युटरचा संबंध नाही. बोलण्याआधी त्यांनी तीस वर्षांची तंबाखू घशात गोळा करून खाकरलं.

रांगेतले सगळे बैल एकदम उभे राहिले.

तासाभरात रांग निम्मी झाली. प्रत्येक नंबराआधी काका खाकरत, पुढची गाडी काट्यावर जाई. गाळप पुन्हा सुरू झालं. साहेबांनी दिशाला कायम करायच्या कागदावर सही करायला पेन काढलं. तेवढ्यात काकांनी बसक्या आवाजात रजेचा अर्ज पुढे सरकवला: उद्यापासून चार दिवस, मुलीचं लग्न. साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"मग उद्या जुनं चालणार कसं, मॅडम?"

दिशानं काकांच्या हातातून माईक घेतला, मोबाईलमधली खरखर त्याच्यासमोर वाजवली, ती नुसती चिरचिरली; मग तिनं स्वतःच "अहं" केलं. बैलांनी मानसुद्धा वळवली नाही.

साळूबाई वजन देऊन रिकामी गाडी घेऊन परतत होत्या. त्यांनी गाडी थांबवली. "गळ्यातनं नगं, बाई. पोटातनं काढ. सासू ऐकंना म्हंजी काढत्यात तसं."

दिशाचं लग्न व्हायचं होतं. तिनं डोळे मिटले, त्या निरुत्तर कर्त्यांना आठवलं आणि खाकरली. पुढच्या गाडीचे बैल ताडकन उठले. त्यामागचेही.

साहेबांनी सही केली.

"पान्याचा तांब्या जवळ ठेव," साळूबाई कासरा सोडत म्हणाल्या. "हंगाम मार्चपत्तुर हाय."