छप्पर कोणी दुरुस्त केलं?

"दोन पोरं सांभाळायची, त्यात काय एवढं मोठं! तू खुशाल ड्यूटीवर जा," आजोबा म्हणाले, आणि आपण हे मोठ्याने बोललो म्हणून स्वतःच दचकले.

सूनबाई दारातच थबकली. ती रुग्णालयात नर्स. सासऱ्यांच्या तोंडून इतकं ठाम वाक्य तिने लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं. आजोबांचं उभं आयुष्य छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलेलं. दुसऱ्यांच्या चुका काढता काढता स्वतः तोंड उघडायचीच त्यांना धास्ती बसली होती. न जाणो, आपलीच चूक निघाली तर!

"बाबा, पाळकसाहेब चहाला यायचेत," ती चपला घालत म्हणाली. "केक टेबलावर झाकून ठेवलाय. आणि माळ्यावर कुणी चढायचं नाही. फळ्या वाळवीने खाल्ल्यात."

"मी काय लहान आहे?"

सूनबाईने एकदा माळ्याकडे आणि एकदा सासऱ्यांकडे पाहिलं. ती गेली.

आता पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, नुसत्या चहासाठी येत नव्हते. चर्चमधली रविवारची मुलांची शाळा घेणाऱ्या बाई गाव सोडून गेल्या होत्या. ती शाळा आजोबांनी घ्यावी, असं पाळकसाहेबांनी सुचवलं होतं. आजोबांनी "विचार करून सांगतो" म्हणून वेळ मारून नेली होती, आणि तेव्हापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. कारण खरं सांगायचं तर त्यांना ती शाळा हवी होती. फार हवी होती! चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून ते कित्येक वर्षं मनातल्या मनात मुलांना गोष्टी सांगत आले होते. पण मनातली मुलं शहाणी असतात. खरी मुलं ऐकतील का?

म्हणून त्यांनी एक परीक्षा ठरवली. आज नातवांना एक गोष्ट सांगायची. दोघे शेवटपर्यंत गप्प बसले, तर पाळकसाहेबांना होकार. नाही बसले, तर मागचा बाक आहेच.

परीक्षा जरा अवघडच होती. थोरल्याला घरात वकील म्हणत, कारण त्याला झोपेतही प्रश्न पडायचे. धाकट्याला शेपूट म्हणत, कारण वकील जाईल तिथे तो जायचा.

"एक पक्षाघाती माणूस होता," आजोबांनी घसा साफ करून सुरुवात केली. "त्याला हातपाय हलवता येत नव्हते. चार मित्रांनी त्याला प्रभू येशूकडे नेलं. पण घरात ही गर्दी! मग ते चौघे छपरावर चढले, छप्पर उकललं, आणि मित्राला बिछान्यासकट दोरांनी खाली सोडलं..."

"छप्पर कशाचं होतं?" वकील.

"मातीचं. फांद्या आणि माती."

"मग माती खाली पडली असेल."

"पडली असेल," शेपूट.

"पडली असणार," आजोबा म्हणाले. खरं तर इथेच त्यांनी 'गप्प बसा' म्हणायला हवं होतं.

"प्रभू येशूच्या डोक्यावर पण?"

ही गोष्ट आजोबांनी आयुष्यात किती वेळा वाचली असेल! स्वल्पविराम न् स्वल्पविराम त्यांना पाठ होता. पण माती कुणाच्या डोक्यावर पडली, हे कधी मनातही आलं नव्हतं.

"त्यांना शिंक आली का?" वकिलाची उलटतपासणी सुरू झाली. "आणि घरमालक ओरडला नाही? आणि चौघांनी दोर सारखा सोडला का? एकाने पटपट सोडला तर माणूस उभाच होईल की! आणि आजोबा, मग ते छप्पर दुरुस्त कोणी केलं?"

"हो, कोणी केलं?" शेपूट.

परीक्षेत आजोबा सपशेल नापास झाले होते, पण गंमत अशी, की परीक्षा ते विसरूनच गेले होते. दोर सारखा सोडला नाही तर खरंच माणूस उभा होईल? त्यांची नजर हळूहळू वर गेली. बैठकीच्या खोलीवर लाकडी फळ्यांचा माळा होता. माळ्याला चौकोनी तोंड होतं. तोंडाला शिडी लावलेली होती.

"नुसतं बघू या," आजोबा म्हणाले.

पहिला पक्षाघाती म्हणजे पलंगावरचा लोड. चादरीच्या चार टोकांना कपडे वाळत घालायच्या दोरीचे तुकडे बांधले. माळ्याच्या तोंडाशी दोन टोकं आजोबांच्या हातात, एक वकिलाच्या, एक शेपटाच्या.

"हळू! सगळ्यांनी सारखं!" आजोबांनी हुकूम सोडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हुकूम सोडला होता, आणि तो त्यांना फार आवडला. पण नेमक्या त्याच वेळी शेपटाने नाक खाजवलं. चादर कलली, लोड उभा राहिला, एक क्षण त्याने तिघांकडे पाहिल्यासारखं केलं, आणि धप्प!

तिघांनी खाली वाकून पाहिलं. लोड केकवर आडवा पडला होता. केकची आता चपाती झाली होती.

"बघा, उभाच झाला!" वकिलाला पुराव्याचा आनंद झाला होता.

"लोडाला हात नाहीत म्हणून पडला. मला सोडा, मी धरून बसेन," शेपूट म्हणाला.

"मुळीच नाही!" आजोबा म्हणाले. ते जबाबदार माणूस होते. "लहान मुलांना सोडायचं नाही. पक्षाघाती मी. आणि मलाही सोडायचं नाही, फक्त जागा मोजायची. माणूस बिछान्यासकट जायचा तर भोक किती मोठं पाडावं लागलं असेल?"

अंदाज घ्यायला ते एक पाऊल मागे सरकले. त्या पावलाखालची फळी वाळवीने मन लावून खाल्लेली होती. कड्ड! आजोबा कमरेपर्यंत खाली गेले आणि स्वेटरच्या घडीत गच्च अडकले. अर्धे आजोबा माळ्यावर, अर्धे बैठकीच्या खोलीत.

नातू शिडीवरून खाली पळाले. छतातून दोन पाय लोंबकळत होते, एका पायात चप्पल.

"आजोबा, तुम्ही अडकलात की हे गोष्टीतलं आहे?" वकिलाने खालून विचारलं.

"अडकलोय! कुणाला तरी बोलवा! पण आईला सांगू नका!"

वकील पायांवर लक्ष ठेवायला थांबला आणि शेपूट, आयुष्यात पहिल्यांदा एकटा, धावत सुटला. कोपऱ्यावर समोरून पाळकसाहेबच येत होते.

"पाळकसाहेब! चार माणसं पाहिजेत! आजोबा पक्षाघाती आहेत!"

पाळकसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "कधीपासून?"

"मगाचपासून! आधी लोड होता, मग आजोबा झाले."

"बोलता तरी येतंय का त्यांना?"

"हो, पण 'आईला सांगू नका' एवढंच म्हणतात."

ते ऐकून पाळकसाहेबांनी चालता चालताच सूनबाईला फोन लावला. वाटेत त्यांनी दुकानातून शिंप्याला उचललं, सायकलवरून पोस्टमनला उतरवलं आणि फाटकात उभ्या असलेल्या निवृत्त ड्रिलमास्तरांना बरोबर घेतलं. चौघे गंभीर चेहऱ्याने घरात शिरले. पाळकसाहेब तर दारातच प्रार्थनेला डोळे मिटणार होते, एवढ्यात शिंपी ओरडला.

"अहो, पाय हलतायत!"

सगळ्यांनी वर पाहिलं. पाय सायकल चालवत होते.

"पक्षाघाताच्या मानाने फारच हलतायत," पोस्टमन म्हणाला.

"काका! तुम्ही कुठे आहात?" पाळकसाहेबांनी हाक मारली.

"वर!" माळ्यावरून आवाज आला.

"मग हे कोण?"

"तेही मीच! साहेब, मला माफ करा... केककडे बघू नका!"

ड्रिलमास्तरांनी सूत्रं हातात घेतली. "चौघे वर! एक, दोन! एक, दोन!" चौघे शिडीवरून चढले. शिंपी अंगाने भरलेला, तो शेवटी. त्याचा पाय उचलला जायला आणि शिडीच्या वरच्या पायऱ्या मोडायला एकच गाठ पडली. वर चौघांनी आजोबांना काखेत धरून ओढलं. आजोबा बुचासारखे निघाले, पण निघताना आजूबाजूच्या फळ्याही घेऊन आले. आता छताला बिछाना जाईल एवढं भोक होतं, आणि पाच माणसं माळ्यावर, शिडीशिवाय.

"आता?" शिंप्याने विचारलं.

खालून वकिलाचा आवाज आला, "चादरीला दोर बांधलेलेच आहेत. माणसंही चार आहेत."

आजोबांनी नको नको म्हणून पाहिलं. पण ड्रिलमास्तरांपुढे कोण बोलणार! "पक्षाघाती, झोप! दोर, धर! सावकाश, सोड!"

सूनबाई रुग्णवाहिकेतून उडी मारून, स्ट्रेचरची वाट न बघता घरात धावली, ती नेमकी त्याच वेळी. छतातून तिचे सासरे चादरीत बसून खाली येत होते. वर पाळकसाहेब दोर धरून उभे होते, आणि माळ्यावरची वर्षानुवर्षांची धूळ तिच्या पांढऱ्या स्वच्छ गणवेशावर भुरुभुरु पडत होती.

"आक्छी!"

"आली! शिंक आली!" वकील नाचायला लागला. "म्हणजे आली असणार!"

तेवढ्यात पोस्टमनचा दोर हातातून सुटला. चादर कलली, आणि आजोबा जमिनीवर उतरले ते चक्क उभे.

"आणि माणूस उभाच होतो!" शेपूट किंचाळला.

"हे काय चाललंय माझ्या घरात?" सूनबाई अशी कडाडली की रुग्णवाहिकेचा चालक बाहेरच थांबला.

"घरमालक ओरडतोच," वकिलाने निकाल दिला.

मग हळूहळू सगळी हकीकत बाहेर आली. आजोबा केकच्या अवशेषांशेजारी मान खाली घालून उभे होते. "साहेब, मी विचार करून सांगतो म्हणालो होतो ना," ते छताकडे बघून पुटपुटले, कारण पाळकसाहेब अजून भोकातूनच खाली डोकावत होते. "मला नाही जमायचं. दोन पोरं गप्प बसवता आली नाहीत. शाळा कुठली घेतो मी!"

पाळकसाहेबांना उत्तर द्यायला सवडच मिळाली नाही. वकील आणि शेपूट त्यांना खालून गोष्ट सांगत सुटले होते: छप्पर कशाचं, दोर कसा सोडायचा, माती कुणावर पडते. पाळकसाहेब माळ्यावर पालथे पडून ऐकत राहिले.

"काका," शेवटी ते म्हणाले, "या गोष्टीवर मी कितीदा बोललोय. बाकांवरची माणसं गप्प बसलेली असतात हो, पण त्यातली निम्मी झोपलेली. मातीचं मला कुणी विचारलं नाही, आणि मलाही कधी सुचलं नाही. येत्या रविवारपासून शाळा तुमची."

आजोबांनी सूनबाईकडे पाहिलं. तिने केसांतली धूळ झटकली.

"पाळकसाहेब, मुलांच्या शाळेच्या खोलीला माळा आहे?"

"नाही."

"मग माझी हरकत नाही."

शनिवारी सकाळी आजोबा शिंप्याकडून आणलेल्या शिडीवर उभे होते. तोंडात खिळे, हातात हातोडी. सूनबाईने नव्या फळ्या आणून टाकल्या होत्या आणि बोट करून दाखवलं होतं, एवढंच. खाली दोघे नातू फळीवर बसून बघत होते.

"म्हणजे आजोबा, छप्पर त्यानेच दुरुस्त केलं," वकील म्हणाला. "जो खाली उतरला त्याने."

"त्यानेच," शेपूट म्हणाला.

आजोबांनी तोंडातले खिळे काढले. "असेल बुवा. हातपाय त्याचेच मोकळे झाले होते."

"आणि घरमालक? तो नंतर पण रागावलेलाच होता?"

आजोबांनी खाली पाहिलं. सूनबाई त्यांच्याकडे बघत नव्हती. सकाळपासून ती त्यांच्याशी बोललीही नव्हती. पण तिने दोन्ही हातांनी शिडी गच्च धरली होती.

"तसं काही लिहिलेलं नाही," आजोबा हळूच म्हणाले. "पण मला वाटतं, शिडी धरली असावी."

"बाबा," खालून आवाज आला, "गोष्ट पुरे. खिळा वाकडा चाललाय."