निळ्या चटईचे आरोग्यदायी परिणाम

आडव्या माणसाची लायकी त्याच्या अंगाखाली काय आहे यावरून ठरते. खाली गादी असेल तर तो आजारी, नुसती फरशी असेल तर आळशी, आणि निळी चटई असेल तर आरोग्याबाबत जागरूक. एवढं साधं सत्य कार्यालयाला उमगायला भांडारपालांची नोकरी पणाला लागावी लागली.

झोपेबद्दल त्यांना दोन मेमो मिळालेले होते. तिसऱ्याला थेट घरचा रस्ता, आणि निवृत्तीला उरले होते अवघे पाच महिने. अशा नाजूक काळात, जेवण झाल्यावर, टाचण्यांच्या खोक्यांमागे, कुठल्याशा यंत्राच्या वेष्टनातून निघालेल्या निळ्या चटईवर ते पडलेले असताना मोठे साहेब दत्त म्हणून उभे राहिले.

"काय चाललंय हे?"

बिचारे धडपडत उठून बसले. लेक ज्या व्यायामाच्या क्लासला जायची, त्याचंच नाव तोंडातून निसटलं. "पिलाटेस, साहेब."

साहेबांना पिलाटेस म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नसणं साहेबांना शोभत नाही. (सेवानियमांतही तशी तरतूद नाही.)

"डोळे मिटूनच ना?"

"मिटूनच, साहेब. आणि श्वास जरा आवाजी लागतो."

"ते माहितीये मला," साहेब म्हणाले.

आठवड्याभरात परिपत्रक निघालं: दुपारी दोन ते चार सर्वांना पिलाटेस सक्तीचं, मार्गदर्शक भांडारपाल. लाभ लगेच दिसू लागले. कार्यालयातली एकूण चिडचिड सत्तर टक्क्यांनी घटली. (उरलेली तीस टक्के खिडकीबाहेरच्या रांगेतली.) रोखपालांची पाठ दुखायची थांबली. टंकलेखकाने तर एवढी प्रगती केली की चार वाजता त्याला उठवायला दोन माणसं लागत. कामातल्या चुका शून्यावर आल्या. कामही शून्यावर आलं होतं, पण तो योगायोग.

साहेबांना हुरूप आला. त्यांनी बाहेरून रीतसर शिकलेल्या प्रशिक्षिका बोलावल्या. भांडारपालांचं धाबं दणाणलं. आता बिंग फुटणार!

बाई आल्या, बत्तीस आडवी माणसं पाहून खूश झाल्या. म्हणाल्या, "छान. आता पोट आत घ्या, दोन्ही पाय वर उचला. मी दहा मोजते."

बाई चारपर्यंत मोजतात तोच रोखपाल भडकले. "अहो बाई, इथे पिलाटेस चाललंय! मध्येच व्यायाम कसला करायला लावता?"

"पिलाटेस यालाच म्हणतात," बाई म्हणाल्या.

सगळे साहेबांकडे बघू लागले. भांडारपालांनी डोळे घट्ट मिटून घेतले. साहेबांनी विचार केला. बाईंचं खरं मानावं, तर स्वतःच्या सहीचं परिपत्रक खोटं ठरत होतं.

"बाई, तुमचा पायाच कच्चा आहे," साहेब म्हणाले. "महिनाभर या भांडारपालांच्या हाताखाली शिका."

बाईंना निळी चटई देण्यात आली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या गुडघ्याचं जुनं दुखणंही थांबलं. भांडारपालांना मात्र इतका आनंद झाला की पुढे दोन दिवस दुपारची झोपच लागेना.

तेव्हा वाचकहो, हे आडवे पडून वाचत असाल, तर अंगाखाली काय आहे ते आधी बघून घ्या. आणि एखाद्या बंद खिडकीसमोर ताटकळत वाचत असाल, तर ते तीस टक्के म्हणजे तुम्हीच. जरा हळू चिडा, आत सगळे श्वास घेताहेत.