पाळण्याजवळची गळती

टणकन वाटी फरशीवर पडली. झोपलेल्या बाळाने ओठ मुडपले आणि, नशीब माझं, पुन्हा सैल सोडले. ती वाटी शेजारणीच्या भिंतीला लावून मी तपास करत होते. या घराची एकमेव गुप्तहेर मी. दूध कुणामुळे उतू गेलं, ते मी नुसत्या वासावरून ओळखते. बहुतेकदा माझ्यामुळेच गेलेलं असतं.

केस गंभीर होती. सोमवारी माझी नोकरीची मुलाखत आहे, हे मी फक्त बाळाच्या कोवळ्या कानात सांगितलं होतं, थोपटता थोपटता. आणि आज चहा पिताना सासरे सहज म्हणाले, "सोमवारी मी बघेन बाळाकडे. तू निवांत जा."

मन मोकळं करायला घरात तेवढाच एक कान होता. तोच फुटला? त्याच कानात मी सासऱ्यांच्या घोरण्याविषयीही बोलले होते!

संशयित पहिला, बाळ. पण त्याला अजून हुंकारापलीकडे काही येत नाही. दुसरा, नवरा. तो समोर बसून माझं ऐकत नाही, चोरून काय ऐकणार? उरली शेजारीण. पण भिंतीपलीकडे शांतता. तीही वाटी लावून बसली असणार.

बाहेर सासरे वर्तमानपत्र आपटत होते. "गुप्तचर खातं लोकांचे फोन ऐकतंय! परवानगी कुणाची? यांच्यावर लक्ष कोण ठेवणार?"

"अगदी खरंय, बाबा," म्हणत मी पायपुसण्यावरचे ठसे तपासू लागले.

तेवढ्यात दुसरीतली लेक म्हणाली, "आई, आजोबांच्या खिशातून तुझा आवाज येतो ना, मला जाम हसू येतं."

खिशातून पाळण्याला लावलेल्या बेबी मॉनिटरचा दुसरा, आवाज ऐकवणारा भाग निघाला. बाळ रडलं तर कळावं म्हणून मीच दिलेला. तो कधी बंद करायचा, हे मात्र कुणी ठरवलंच नव्हतं.

"सुरक्षेसाठी गं," सासरे पुटपुटले. "आणि मी काही एवढा घोरत नाही."

"परवानगी कुणाची, बाबा?"

ते वरमले. मग कायदा झाला. ज्याला ऐकायचंय त्याने वहीत वेळ आणि कारण लिहायचं. ती वही ऐकणाऱ्याने नाही, दुसऱ्याच कुणी तपासायची. तपासणीस म्हणून लेकीला नेमलं, कारण तिला कुणाची भीड नाही.

तिने लगेच कोरी पानं उलटून पाहिली. "आई, तू रोज माझं दप्तर उघडतेस. मैत्रिणीच्या चिठ्ठ्यापण वाचतेस. ते कुठे लिहायचं?"