विहीणबाई उपाशी जाता कामा नयेत

"बाबा, किल्ला नाही दाखवलात तरी चालेल," एली म्हणाली, "पण त्यांना खायला घाला."

अलिस्टर लेडलॉ आरशासमोर टायची गाठ मारत होता. गाठ अर्ध्यावरच राहिली. "म्हणजे? घरी आलेल्या माणसाला आपण उपाशी पाठवतो की काय?"

एलीने आईकडे पाहिलं. फ्लोराने खिडकीबाहेर पाहिलं.

"तसं नाही हो. पण ग्लासगोत आपल्याबद्दल काय बोलतात ते तुम्हाला ठाऊक आहे ना."

ठाऊक नसायला काय झालं? एडिंबराचा माणूस दारात पाहुणा दिसला की 'या' म्हणायच्या आधी 'जेवूनच आला असाल ना?' म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता समाधानाने मान डोलावतो, हे ग्लासगोकरांचं आवडतं कीर्तन. दोन शहरांमध्ये आगगाडीने तासाभराचा रस्ता, पण तिकडून निघालेला टोमणा गाडीच्याही आधी पोचतो. अलिस्टरने तो जन्मभर हसून सोडून दिला होता. आज सोडून भागणार नव्हतं, कारण आज ग्लासगोहून येत होत्या बेला मॅकफी, एलीच्या होणाऱ्या सासूबाई.

मुलगा सोन्यासारखा होता. अडलं होतं ते लग्न कुठे करायचं यावर. अलिस्टरच्या मनात कोपऱ्यावरचं चर्च कधीचं पक्कं बसलं होतं. पांढऱ्या शालीत गुंडाळलेली एवढीशी एली त्यानेच त्या दारातून आत नेली होती. आता तिचा हात धरून त्याच दारातून पुन्हा आत जायचं, हे दृश्य त्याने रविवारचं प्रवचन चालू असताना इतक्यांदा पाहिलं होतं की प्रवचनं ऐकायचीच राहून गेली होती. पण रॉरी विधवा आईचा एकुलता एक. "आई म्हणेल तिथे," म्हणून तो मोकळा झाला. आणि आईने कळवलं होतं, 'एकदा तुमचं शहर बघते, मग रात्री सांगते.'

"रात्रीचं जेवण माझ्याकडे," फ्लोरा म्हणाली. "मी क्लूटी करतेय." फडक्यात बांधून तासन् तास उकडायचा हा मनुकांचा गोड गोळा ती फक्त बारशाला आणि नाताळाला करायची. "तोपर्यंत त्यांना फिरव, खाऊ घाल. आणि बोलता बोलता ते वाक्य तुझ्या तोंडातून गेलं ना अलिस्टर, तर घरी येऊ नकोस."

बेलाबाई स्टेशनवर उतरल्या. बुटक्या, गोल, हसऱ्या. नवाकोरा हिरवा स्कर्ट, कमरेत जरा आवळलेला, आणि खांद्याला भली मोठी बॅग. अलिस्टरने बॅग घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी ती काखेत घट्ट दाबली.

"राहू द्या, मिस्टर लेडलॉ. सवय आहे मला. तुमचं शहर कुठंय?"

प्रश्न रास्त होता. पहाटेपासून समुद्रावरून धुकं चढलं होतं आणि एडिंबरा कुणी ओल्या बोळ्याने पुसून टाकल्यासारखं झालं होतं.

"तो तिकडे किल्ला," अलिस्टर छत्री उगारून म्हणाला.

"असेल. तुम्ही म्हणताय म्हणजे असेलच."

"आणि इकडे डोंगर आहे."

"कुठे?"

"आत्ता नाहीये."

जे दाखवायचं तेच नाहीसं झाल्यावर यजमानाने करायचं काय? अलिस्टरने समोरच्या चहाच्या दुकानाचं दार उघडलं.

साय आणि जॅम घातलेला स्कोन, म्हणजे जाडसर गोड पाव, आला. बेलाबाईंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, खोल श्वास घेतला आणि जवळजवळ न चावता तो संपवला. अलिस्टरला गलबलून आलं. बिचारी पहाटेची निघालेली, पोटात अन्नाचा कण नसणार. त्याने दुसरा मागवला. तोही त्याच वेगाने गेला.

"तुम्ही नाही घेत?" बेलाबाईंनी विचारलं.

पाहुण्याला एकट्याने खायला लावणं बरं दिसेना. सकाळची वाडगाभर लापशी पोटात असूनही अलिस्टरने स्वतःसाठीही स्कोन मागवले. खाता खाता त्याने हळूच विषय काढला. "लग्नाचं म्हणाल तर..."

बेलाबाईंच्या तोंडात घास होता. त्यांनी हात हलवला. त्या हलवण्याचा अर्थ काहीही लागला असता.

बाहेर आल्यावर एलीचा फोन. "खाल्लं का काही त्यांनी?"

"सगळं. बशीवरची नक्षी तेवढी उरली."

"म्हणजे भूक भागली नाही, बाबा. अजून घाला."

मग जुन्या रस्त्यावर धुरावलेल्या माशाचं दाट सूप झालं. बेलाबाईंनी पावाच्या तुकड्याने वाडगा असा पुसून घेतला की विसळायची गरज नव्हती.

"आमच्यात ताटात टाकत नाहीत," त्या म्हणाल्या. आवाज जरा खोल गेला होता. "टाकलं म्हणजे घरच्या बाईला शिवी दिल्यासारखं होतं."

"आणि आमच्यात पाहुण्याचं ताट रिकामं दिसू देत नाहीत," अलिस्टर म्हणाला. हा नियम एडिंबरात त्याच दिवशी सकाळी अमलात आला होता.

असे दोन नियम समोरासमोर आल्यावर जे व्हायचं तेच झालं. त्यांनी पुसायचं, याने भरायचं. सेंट जाइल्स चर्चच्या कळसाचा धुक्यात पत्ता नव्हता, म्हणून पबमध्ये शिरले. पबवाला टॅम अलिस्टरला ओळखून होता. तो गल्ल्यामागून म्हणाला, "लेडलॉ, तू? जेवायला? अरे, तू तर घरून डबा खाऊन इथे नुसता पेपर वाचायला येणारा माणूस."

"याचं काही मनावर घेऊ नका, विनोदी आहे," अलिस्टर बेलाबाईंना म्हणाला आणि टेबलाखाली पाय आपटत त्याने मोठ्याने मेंढीच्या काळीज-कलेजीचं जड हॅगिस मागवलं. दोन. सोबत सलगम, बटाटे आणि व्हिस्की.

"व्हिस्की कशाला?" बेलाबाई म्हणाल्या.

"पचायला."

"मग असू द्या," त्या इतक्या मनापासून म्हणाल्या की दुसऱ्या कुणाला संशय आला असता.

तळलेल्या माशाच्या दुकानात तर त्याने कमाल केली. एडिंबरात माशासोबतच्या तळलेल्या बटाट्यांवर, म्हणजे चिप्सवर, मीठ आणि सॉस. ग्लासगोत मीठ आणि व्हिनेगर. यावरून मैत्र्या तुटल्यात. अलिस्टर काउंटरवर वाकला आणि डॉक्टरकडे नाजूक जागेचं दुखणं सांगावं तसं हळूच म्हणाला, "एकावर व्हिनेगर घाल."

दुकानदाराने हातातला झारा खाली ठेवला. "तुमच्यासाठी?"

"पाहुण्यांसाठी. मुलीची सासू."

"मग बरोबर आहे," दुकानदार म्हणाला आणि त्याने सहानुभूतीने थोडे चिप्स जास्त घातले. तेही खावे लागले.

लग्नाचा विषय अलिस्टरने आणखी दोनदा काढला. दोन्ही वेळा बेलाबाई चावत होत्या. त्यांचं हसू आता सकाळसारखं राहिलं नव्हतं, चेहरा जरा फिका वाटत होता, आणि किल्ला दिसायची शक्यता आहे असं सांगितल्यावर त्या नुसत्या "हं" म्हणाल्या. अलिस्टरने त्याचा एकच अर्थ लावला. कुठेतरी कमी पडतोय आपण. त्याने वाटेत दूध-साखरेच्या वड्यांची पुडी घेतली.

"जरा चालायचं का?" पुडी बघून बेलाबाई म्हणाल्या.

"चालू या की," अलिस्टर म्हणाला. त्यालाही बसवत नव्हतं.

काल्टन टेकडीवरच्या मनोऱ्यावर चढलं की धुक्याच्या वर निघता येईल, असा त्याचा हिशोब. गोल जिना अंधारा आणि अरुंद. बेलाबाई पुढे, तो मागे. अर्ध्यावर पोचले आणि वरून पाठीला बोचकी लावलेल्या जर्मन पर्यटकांचा जथा उतरू लागला. बेलाबाई भिंतीला टेकल्या. अलिस्टर टेकला. पहिला जर्मन पुढे सरकला, थांबला, अदबीने मागे झाला.

"जरा पोट आत घेता का?" त्याने विचारलं.

"घेतलंय," बेलाबाई म्हणाल्या. "हे आतलंच आहे."

खालून तिकीटवाल्या बाईचा आवाज घुमत आला. "वर काय झालंय?"

"दोन वयस्कर माणसं अडकलीत," वरून कुणीतरी ओरडलं.

"मग सोडवा त्यांना."

"सुटत नाहीत."

जर्मनांनी विचारविनिमय केला आणि सगळ्यांनी मिळून हलकेच रेटा दिला. माणसं जागची हलली नाहीत. बेलाबाईंच्या बॅगेचा बंद मात्र तुटला. कागदात बांधलेली सँडविचं बाहेर आली, मागोमाग सॉसेजचे रोल, एक थर्मास, आणि उकडलेली अंडी टणटण करत जिना उतरून गेली.

"वरून अंडी येतायत," खालून बाईने कळवलं.

अलिस्टरच्या हातात एक सँडविच अडकलं होतं. तो त्याच्याकडे बघत राहिला. "हे तुम्ही घरून आणलंत," तो म्हणाला. "आम्ही खायला देणार नाही म्हणून." चर्चचं दार त्याच्या डोळ्यांपुढे हळूहळू लागायला लागलं.

बेलाबाई पायरीवर बसल्या. बसल्या म्हणजे टेकल्या, वाकता येत नव्हतं. "मिस्टर लेडलॉ, आता सांगतेच. मला नणंदा पाच. काल रात्रीपासून पाचही जणी माझ्या घरी. म्हणे, बेला तिकडे चाललीये, तिला तिथे पाणीसुद्धा विचारणार नाहीत. एकीने पहाटे अंडी-सॉसेज घातलं, दुसरीने वर पॅनकेक घातले, तिसरी स्टेशनवर पुडकं घेऊन हजर. मी गाडीत चढले तीच गळ्यापर्यंत भरून."

"मग ते स्कोन? इतक्या भराभर?"

"औषध असंच घेतात."

"नको म्हणायचं होतंत."

"कशी म्हणू? एडिंबराच्या माणसानं आपण होऊन खायला घातलं आणि मी नको म्हटलं, हे कळलं असतं तर ग्लासगोत तोंड दाखवायला जागा उरली नसती. पण तुम्ही का खात होतात? तुमचाही चेहरा मघापासून हिरवा दिसतोय."

"तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून."

बेलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. मग अलिस्टरलाही. दोघांची पोटं गदगदून वरखाली व्हायला लागली, आणि त्या वरखालीतून जागा साधत जर्मन एकेक करून निसटून गेले.

"आता सगळंच सांगते," डोळे पुसत बेलाबाई म्हणाल्या. "हे गेले तेव्हा आमच्याकडे आठवडाभर जेवणावळी. रॉरी पास झाला, जेवणावळी. लग्न तिकडे केलं तर पाच नणंदांचे पाच स्वयंपाक, आणि मी त्यांच्यामध्ये चुलीपाशी. लेकाचं लग्न मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायचं? म्हणून मी इथे आले होते. म्हटलं, लोक म्हणतात असं एक शहर आहे, तिथे कुणी काही खायला विचारत नाही. तिथे पहिल्या बाकावर हलक्या पोटानं बसेन आणि पोराकडे डोळे भरून बघेन. इतकी आशा होती हो. आणि तुम्ही? सूप, हॅगिस, मासा! तो मासा आला ना, तेव्हा माझं मन ग्लासगोकडे झुकायला लागलं होतं."

अलिस्टरने हातातलं सँडविच खाली ठेवलं. "म्हणजे मी सकाळपासून तुम्हाला काहीच विचारलं नसतं..."

"तर स्टेशनवरच हो म्हटलं असतं, व्याही."

दिवसभरात त्यांनी त्याला पहिल्यांदाच व्याही म्हटलं. जिन्यात अंधार होता ते बरंच झालं.

"अजून वेळ गेलेली नाही, विहीणबाई," तो म्हणाला.

"एका अटीवर. तुमच्याबद्दल जे बोलतात ते सगळं खरं करून दाखवायचं. एक कप चहा, केकचा एक तुकडा. माझ्या नणंदांनी आणखी मागितलं तर?"

"मला त्या बाजूने ऐकू येत नाही."

"आणि मला कुणी आग्रह केला तर?"

"मी स्वतः ताट उचलून नेईन. लेडलॉचा शब्द आहे."

वर काही ते गेले नाहीत. अंडी गोळा करत खाली उतरले.

तिसऱ्या मजल्यावरच्या घराचं दार उघडं होतं. फ्लोराचे केस वाफेने कपाळाला चिकटले होते आणि एका बोटाला चटका बसल्याची पट्टी होती. अलिस्टरने दारातच सांगून टाकलं, "लग्न इथे. आपल्या चर्चमध्ये. ठरलं." एलीने आधी त्याला मिठी मारली, मग सासूला. फ्लोरा ॲप्रनला डोळे पुसून आत गेली, आणि दोन्ही हातांत परात धरून बाहेर आली. परातीत क्लूटी होता, उशीएवढा, काळाभोर, वाफाळता.

तिने मोठा काप कापून बेलाबाईंपुढे ठेवला.

शब्द म्हणजे शब्द. अलिस्टरने हात लांब करून ती बशी उचलली आणि पलीकडे ठेवली.

फ्लोराने बशीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, मग पाहुणीकडे. "काही चुकलं का हो?" तिने हळूच विचारलं. "मनुका कमी वाटतात का? पहाटे चारला उठून घातला होता मी."

अलिस्टर काही सांगायच्या आत बेलाबाईंनी पलीकडून बशी ओढून घेतली.

"अट लग्नाच्या दिवसापासून लागू," त्या त्याला दबक्या आवाजात म्हणाल्या. मग मोठा श्वास घेऊन त्यांनी चमचा भरला. एक घास, दुसरा, तिसरा. बशी लखलखीत झाली तशी त्यांनी ती फ्लोरापुढे धरली. "विहीणबाई, असा क्लूटी माझ्या सासूलाही जमला नव्हता. थोडा घाला अजून."

फ्लोराचा चेहरा आतून दिवा लावल्यासारखा उजळला. पण दुसरा काप वाढता वाढता तिच्या मनात काहीतरी आलं, आणि तिने सुरी हातात तशीच धरून नवऱ्याकडे वळून पाहिलं.

"अलिस्टर," ती म्हणाली, "दिवसभर तू यांना काही खायलाच घातलं नाहीस ना?"

अलिस्टरने बेलाबाईंकडे पाहिलं. पाच नणंदांना पुरून उरलेली ती बाई डोळे मिटून सावकाश चावत होती.

"असं नका बोलू हो त्यांना," घास गिळून त्या म्हणाल्या. "सकाळी चहा विचारला होता त्यांनी."