चिमाबाईसाहेबांच्या खांद्यावरील तुऱ्याची बखर

श्रीगजानन प्रसन्न असावा, मोगरा टवटवीत असावा आणि वाचणाराचे पोट भरलेले असावे. शके सोळाशे त्र्याण्णव, खरनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध पंचमी, ते दिवशी एका दौलतीत, जिचे नाव घेण्याची आम्हांस मनाई आहे, राजकन्या लाडूबाई यांचे लग्न गोरज मुहूर्तावर योजिले होते. मांडव सजला, चौघडा झडू लागला, वऱ्हाड पावते जाहले, आणि ऐन सकाळी नवरी मुलगी हट्ट घेऊन बसली की, "आईसाहेबांनी फूल ल्याल्याखेरीज मी बोहल्यावर चढायची नाही." आईसाहेब म्हणजे चिमाबाईसाहेब. महाराज कैलासवासी होऊन अकरा वर्षे जाहली, तेव्हापासून बाईंनी कारभार खासा चालविला, दोन लढाया जिंकिल्या, परंतु फूल म्हणून अंगास लागू दिले नाही. पूर्वी मोगऱ्याची आवड बहुत. आता देवाची परडी समोरून गेली तरी बाई मान फिरवीत, आणि आम्हां पाहणारांस फार वाईट वाटे.

मग राजोपाध्ये त्रिंबकभट यांस पाचारण जाहले. भटजींनी पोथी सोडिली आणि सांगितले, "विधवेस केसांत फूल नाही, गळ्यात हार नाही, हातात गजरा नाही." तेव्हा दारापाशी परडी घेऊन उभा असलेला सटवाजी फुलारी हात जोडून बोलिला, "आन् खांद्यावर, भटजीबोवा?" भटजींनी पोथी पुढून चाळिली, मागून चाळिली, पोथीत खांदा कोठे निघेना. मग नाइलाजाने म्हणाले, "शास्त्र याविषयी काही बोलत नाही." सटवाजीने तेवढेच ऐकिले आणि घराकडे धूम ठोकिली.

परंतु खांद्यावर फूल उभे राहावे कैसे? दोऱ्याने बांधिले तो त्याने मान टाकिली. मग सटवाजीने सोनाराकडून केसासारखी बारीक चांदीची तार आणिली, गुलाबाचा देठ दोन बोटे राखून छाटिला, फुलाखालच्या हिरव्या गाठीतून तार आरपार ओविली आणि दोन्ही टोके खाली वळवून देठास वेढा दिला, म्हणजे फूल जिकडे वळवावे तिकडे पाही. मोगऱ्याच्या पाच कळ्याही तैशाच तारेवर घेतल्या. मग वरून मेण चोपडलेली हिरवी रेशमी पट्टी गुंडाळू लागला, तो पट्टी धरीना. एकदा सुटली, दोनदा सुटली, तिसऱ्यांदा गुलाबाची पाकळी गळाली, आणि सूर्य कलू लागला. कारण असे की, तीस वर्षांची सवय, दर गाठीस सटवाजी बोटे पाण्यात बुडवी आणि फुलांवर शिपका मारी. गजरा गुंफायच्या केळीच्या सोपटास पाणी मानवते, मेणास मानवत नाही, हे काही त्याचे ध्यानी येईना. शेवटी त्याची बायको कोंडूबाई चुलीपासून ओरडली, "अवं, हात पुसा की आधी! वल्या हातानं कधी मेण चिकटतंय व्हय?" मग सटवाजीने हात पुसले, देठ पुसले, आणि पट्टी ताणून बोटांच्या उबेने दाबीत आणिली, ती जन्माची चिकटली. मग गुलाब मध्ये, कळ्या भोवती आणि मरव्याची डहाळी मागे असे एकत्र बांधून, आईसाहेबांस टोचू नये म्हणून तारेची टोके आत वळविली, आणि तुरा घेऊन धावत राजवाड्यात गेला.

लाडूबाईंनी स्वहस्ते तो तुरा आईच्या पदरावर, डाव्या खांद्याशी, टाचणीने लाविला. चिमाबाईसाहेबांनी मान कलती करून वास घेतला मात्र, आणि दोन लढायांत न रडलेली बाई भर मांडवात रडली. लेक हसत बोहल्यावर चढली, अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि पुढे जे जाहले ते हे लिहिणाराने तिसऱ्या पानावर बसून स्वतः पाहिले. आईसाहेब आग्रह करीत पंगतीतून चालल्या होत्या, त्या मध्येच थांबल्या, खांद्यावरील तुरा सोडविला, आणि सर्वांदेखत अंबाड्यात खोविला. पंगत गार पडली. सर्व लोक त्रिंबकभटांकडे पाहू लागले. भटजींनी आईसाहेबांकडे एकवार पाहिले, पानाकडे पाहिले, आणि म्हणाले, "अरे, इकडे जिलबी आणा."

सारांश, कार्य यथासांग पार पडले. दुसरे दिवशी सकाळी सटवाजीचे दारी गावच्या अकरा विधवा बायका उभ्या होत्या. त्यांस तार आणि खांदा याची युक्ती त्याने बहुत हौसेने समजावून सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि सगळ्यांनी गजरेच मागितले.