तोफेकडे बघू नये

क्लबचा स्ट्रायकर बऱ्याच दिवसांपासून गोल करत नाही, ही बाब कार्यकारिणीने गांभीर्याने घेतली. गांभीर्याने घेतली म्हणजे बैठक बोलावली, दार आतून लावून घेतलं आणि पंखा बंद केला, कारण पंख्याच्या घरघरीत गंभीर बोलता येत नाही असं अध्यक्षांचं मत होतं. क्लब लीगच्या तळाशी जेमतेम लटकत होता. मोसम संपत आला होता. अजून घसरलं की खालची लीग, खालच्या लीगला खालचे प्रायोजक, आणि अध्यक्षांना प्रायोजकाने दिलेली गाडी परत.

स्ट्रायकरला सगळे ‘तोफ’ म्हणत. तो क्लबमध्ये आला तेव्हा हे नाव पडलं होतं आणि बदलायचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. हल्लीच्या सामन्यांत तोफेने दोन्ही खांब, आडवी दांडी, एक फोटोग्राफर आणि जाहिरातीचा फुगा अचूक टिपला होता. जाळी तेवढी सुखरूप होती. तोफ बायको आणि आईसह क्लबच्याच फ्लॅटमध्ये राहायचा. क्लब घसरला तर फ्लॅट रिकामा करावा लागेल, असं सेक्रेटरींनी त्याला प्रेमाने, खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं.

“साहेब, एक गोष्ट लक्षात आलीये,” कोच म्हणाला. “पण सांगायला कसंतरीच वाटतंय.”

“सांगा हो. इथे कुणाला कसं वाटतं ते कुणी विचारत नाही.”

“काल प्रॅक्टिसला मी बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि जाळीचा आवाज आला. वर बघतो तर बॉल आत! म्हटलं, परत मार. मी नीट डोळे रोखून उभा राहिलो, तर बॉल थेट पार्किंगमध्ये.”

“माझ्या गाडीची काच...”

“तोच बॉल, साहेब. मग मी परत वाकलो, गोल. उभा राहिलो, पार्किंग. संध्याकाळपर्यंत उठाबशा काढल्या. बघितलं नाही की गोल, बघितलं की पार्किंग.”

सगळ्यांनी बैठकीला खास बोलावलेल्या मनाच्या डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

“याला दृष्टिभार म्हणतात.”

“कधीपासून?”

“आत्तापासून.”

खजिनदारांना शंका आली. “मग समोरच्या गोलकीपरला काय डोळे मिटून उभं राहा म्हणायचं?”

“गोलकीपर परका माणूस,” डॉक्टर म्हणाले. “परक्याने बघितलेलं अंगाला लागत नाही. भार होतो तो आपल्या माणसांचा.”

दुसऱ्याच दिवशी परिपत्रक निघालं. सामना चालू असताना क्लबचे पदाधिकारी, कर्मचारी, सभासद, समर्थक व नातेवाईक यांनी तोफेकडे बघू नये. चुकून बघितलं गेल्यास तत्काळ दुसरीकडे बघावं व तसं कळवावं.

तोफ कोचकडे गेला. “सर, मला कुणी बघितल्याचा त्रास नाही होत. बघून झाल्यावर तुम्ही सगळे जे तोंड करता ना, त्याचा होतो.”

“तोंडाचं नंतर बघू,” कोच भिंतीकडे तोंड करून म्हणाला. “आत्ता फक्त डोळ्यांचं मंजूर झालंय.”

घरीही अंमलबजावणी सुरू झाली. बायको भिंतीकडे बघत त्याला वाढायची, त्यामुळे बरंचसं टेबलावरच वाढलं जायचं.

“तुम्ही पण पाठ करून बसा ना, आई,” ती सासूला म्हणाली.

“मी बसते गं. हा पोटात होता तेव्हा मी कुठे बघत होते? तरी एकेक लाथ अशी बरोबर बसायची!”

“आई, जेवू दे ना,” तोफ म्हणाला.

“जेव, जेव. बघतंय कोण तुझ्याकडे!”

पुढचा प्रश्न प्रेक्षकांचा होता. लोक आपणहून पाठ करणार नाहीत, याची कार्यकारिणीला खात्री होती, कारण कार्यकारिणी लोकांमधूनच निवडून आली होती. म्हणून वेल्डरला बोलावून सगळ्या खुर्च्या उलट्या बसवून घेतल्या. मैदानालगतच्या खुर्च्यांवरून आता वरच्या खुर्चीतल्या माणसाची पाठ तेवढी दिसे. सगळ्यात वरच्या रांगेतून मात्र पार्किंग, शेजारची लाँड्री आणि पुलाचा थोडा भाग दिसायचा, म्हणून तिथलं तिकीट वाढवलं. आश्चर्य म्हणजे ती रांग आधी भरली.

प्रेक्षक खरोखर उलटे बसलेत ना, हे बघायला निरीक्षक नेमले. निरीक्षकांनी प्रेक्षकांची तोंडं बघायची, म्हणजे साहजिकच निरीक्षकांची तोंडं मैदानाकडे झाली. ही गफलत सेक्रेटरींच्या वेळीच लक्षात आली आणि निरीक्षकांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधण्यात आल्या. एकही प्रेक्षक मैदानाकडे बघताना दिसला नाही, असा अहवाल सर्व निरीक्षकांनी एकमताने दिला.

आणि गंमत म्हणजे पहिल्याच पाठमोऱ्या सामन्यात तोफेने गोल केला.

जाळीचा आवाज आला तसे लोक उठून नाचायला लागले. फक्त तो सगळा जल्लोष वरच्या रांगेपलीकडे, पार्किंगच्या राखणदाराच्या तोंडावर गेला. तो बिचारा इतका भारावला की त्याने दोन्ही हात उंचावून सगळ्यांचे आभार मानले. रेडिओच्या निवेदकानेही नियम पाळून, भिंतीकडे तोंड करून वर्णन केलं. “कुणीतरी बॉलला लाथ मारलेली आहे. लाथ चांगली वाटते आहे. आणि... हो, बहुतेक आपलीच आहे!”

पुढच्या सामन्यात पुन्हा गोल, त्याच्या पुढच्यात दोन. डॉक्टरांना व्याख्यानांची आमंत्रणं येऊ लागली. अध्यक्षांनी गाडीला नवी काच बसवली. तोफ घरी शीळ घालायला लागला आणि बायकोने भिंतीकडे बघत विचारलं, “हसतोयस का रे?”

“हो.”

“दिसत नाहीये, पण छान वाटतंय.”

शेवटचा सामना उरला. जिंकलं तर वर राहायचं, नाहीतर खाली. बरोबरीही चालणार नव्हती. मैदान खचाखच भरलं आणि सगळ्या गावाने सगळ्या गावाला पाठ दाखवली. वेळ संपत आली तरी एकही गोल नव्हता. ऐकून ऐकून लोकांचे कान दुखायला लागले होते.

शेवटच्या मिनिटाला तोफेला बॉल मिळाला. त्याने एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, पुढे आलेल्या गोलकीपरलाही वळसा घातला. समोर मोकळा गोल. लोकांना यातलं काहीच दिसलं नाही. त्यांना ऐकू आली ती फक्त शांतता. सगळं मैदान श्वास रोखून बसतं तेव्हा होते तशी.

त्या शांततेत वरच्या रांगेतल्या एका प्राध्यापकाने विचार केला, की एवढी हजारो माणसं पाठ करून बसली आहेत, त्यात माझ्या दोन डोळ्यांनी काय मोठा फरक पडणार! शेजारच्या दंतवैद्यानेही हाच विचार केला. खालच्या रांगेतल्या शिंप्याने केला, त्याच्या मेहुण्याने केला. निरीक्षकांनी पट्ट्या कपाळावर सरकवल्या. अध्यक्षांनी मोबाइल खांद्यावरून मागे धरला, कारण फोटो काढणं म्हणजे काही बघणं नव्हे. आईने पर्समधला छोटा आरसा काढला. बायकोने डोळे घट्ट मिटले, मान वळवली आणि मग एकच डोळा उघडला.

तोफेने पाय उचलला आणि सहज वर पाहिलं. संपूर्ण स्टेडियम मान वळवून त्याच्याकडे बघत होतं. आणि सगळ्यांनी ते तोंड केलं होतं.

बॉल पार्किंगमध्ये गेला. अध्यक्षांच्या गाडीचं काय झालं ते सांगायची गरज नाही, तसंही ती आता परतच करायची होती.

चौकशी रीतसर झाली. प्राध्यापक म्हणाले, “मी अजिबात बघितलं नाही. पण हे दंतवैद्य डोळे फाडून बघत होते, मी स्वतः पाहिलं.” दंतवैद्य म्हणाले, “हे वळले म्हणून मी वळलो. ते काय बघतात ते बघायला.” शिंप्याने मेहुण्याकडे बोट दाखवलं आणि मेहुणा अजून त्याच्याशी बोलत नाही. प्रत्येक साक्षीदाराने शेजाऱ्याला बघताना पाहिलं होतं आणि स्वतः कुणीच बघितलं नव्हतं. सगळ्या साक्षी एकमेकींशी इतक्या जुळल्या की समितीला गहिवरून आलं.

निष्कर्ष असा निघाला, की प्रेक्षक निर्दोष आहेत. मात्र शॉट मारण्याच्या ऐन क्षणी खेळाडूने प्रेक्षकांकडे पाहिलं. ही शिस्तभंगाची बाब आहे.

तोफेला काढून टाकलं. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा शेजारीपाजारी खिडक्यांच्या पडद्याआडून अजिबात बघत नव्हते.

“आरशातून बघितलेलं धरत नाहीत ना रे?” आईने टेम्पोत बसल्यावर हळूच विचारलं.

“नाही गं आई. तू नीट बस.”

तोफ हल्ली एका लहानशा कारखान्याच्या संघातून खेळतो. मैदान कारखान्याच्या मागे आहे, प्रेक्षक नसतात. तो दर सामन्यात गोल करतो, आणि गोल झाल्यावर एकटाच इतका मोठ्याने हसतो म्हणे, की समोरचा गोलकीपरही हसायला लागतो.

मैदानाचा पत्ता मात्र इथे देता येत नाही. तुम्ही जाल. गर्दी करणार नाही, लांबूनच, कुंपणाच्या फटीतून, एकदाच, असं म्हणाल आणि जाल. आणि फटीला डोळा लावायला वाकाल, तर तिथे आधीच रांग असेल. मग तुम्ही रांगेत उभे राहाल आणि पुढच्या माणसाला वैतागून म्हणाल, “अहो, काय ही लोकांना दुसऱ्याकडे बघायची सवय! सरका जरा, काही दिसत नाहीये.”