पातेल्यातले मासे

ज्या वर्षी आमच्या सुनेला पहिल्यांदा दिवस गेले, त्याच वर्षी मी घरात माशांची टाकी बसवली. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, टाकी या विषयात मला कुणी शिकवायचं काम नाही! उभा जन्म मी गवंडीकाम केलं, आणि त्यातही पाण्याच्या टाक्या बांधल्या. शाळेच्या, दवाखान्याच्या, गच्चीवरच्या, जमिनीखालच्या. लिहावाचायला मी केस पिकल्यावर शिकलो, पण पाणी मला पहिल्यापासून वाचता येतं. माझी एकही टाकी कधी गळली नाही. मग काचेची टाकी म्हणजे असं काय मोठं? विटांच्या जागी काच. संपलं!

टाकीची गरज पडली ती बायकोच्या डोळ्यांमुळे. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. माणूस समोर आला की ती आधी त्याचा आवाज ऐकायची आणि मग ओळखल्यासारखं हसायची. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई ऑपरेशनला तयार होत्या, पण हिचं बीपी तयार नव्हतं. ते नेहमी माळ्यावर चढून बसलेलं!

"आजी, हे खाली आल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही," डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं. "गोळ्या वेळेवर घ्या. आणि धक्का नको, काळजी नको, आरडाओरडा नको."

शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून का बोलल्या, ते मला आजवर कळलेलं नाही.

घरी येताना ही रिक्षात एकच वाक्य बोलली. "बाळ यायच्या आत मला डोळे हवेत. नातवंडाचं तोंड मला हातानं चाचपून बघायचं नाही."

रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं.

मग सूनबाईनं कुठेतरी वाचलं की पाण्यातले मासे बघत बसलं की माणसाचं बीपी उतरतं. झालं! मी त्याच संध्याकाळी माशांच्या दुकानात हजर. दुकानदार म्हणजे काटकुळा, कायम वैतागलेला माणूस. गिऱ्हाईक आलं की त्याला वाटे, आला एक मासे मारायला!

"काका, तळाला ही माती, तिच्यावर वाळू, त्यात झाडं. फिल्टर लावा, दिवा लावा आणि गप्प बसा. पाणी मुरू द्या. मासे नंतर."

"मुरवणं मला शिकवू नका," मी म्हणालो. "सिमेंट मुरवण्यात आयुष्य गेलंय माझं."

टाकी मी दिवाणखान्यात बसवली. खाली गवंड्याची पाणसळ लावून, चारी कोपरे केसभरही इकडेतिकडे नाहीत अशी! झाडं लावली. काही लांब पानांची, काही केसांसारखी बारीक, काही लाकडाच्या ओंडक्याला दोऱ्यानं बांधलेली. दिवा लावल्यावर भिंतीत एक हिरवी खिडकी उघडल्यासारखं वाटलं. पाणी मुरलं, मग मासे आणले. पोटावर लाल रेघ असलेले, नखाएवढे, घोळक्यानं फिरणारे. बायकोची आरामखुर्ची मी टाकीसमोर आणून ठेवली.

"दिसतात का गं?"

ती बराच वेळ टाकीकडे तोंड करून बसली. मग म्हणाली, "छान फिरतायत!"

मला काय आनंद झाला! दुपारी जेवणं झाली की ती खुर्चीत बसायची, फिल्टरचं पाणी झुळझुळायचं, आणि सूनबाई तिच्या दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायची. आकडा एकेक पायरी उतरायला लागला. डॉक्टरीणबाईंनी पुढची तारीखही दिली. त्या दिवशी बीपी ठीक निघालं तर ऑपरेशन, नाहीतर बाळंतपण होईपर्यंत विसरा!

इथं मी गप्प बसायला हवं होतं. दुकानदारानं सांगितलंच होतं. पण गवंडी माणूस काम संपल्यावर जागा साफ केल्याशिवाय घरी जात नाही. तारीख जवळ आली तशी माझी नजर फिल्टरमधल्या स्पंजावर गेली. काढून बघतो तर काय, तपकिरी, बुळबुळीत, गटाराचा सख्खा भाऊ! माझी बायको या गाळातून आलेलं पाणी बघत बसते? मी तो स्पंज धुण्याच्या साबणानं घासला, नळाखाली पिळला, परत साबण लावला. असा पांढरा निघाला की लग्नात आहेर द्यावा!

दुसऱ्या दिवशी टाकीतलं पाणी ताकासारखं झालं. तिसऱ्या दिवशी ताकाचं दूध झालं! झाडं नाहीत, ओंडका नाही, मधूनच एखादी लाल रेघ चमकायची आणि बुडायची.

ही आपली खुर्चीत येऊन बसली. आता विचारणार, पाणी असं का? मग मी काय सांगणार? मग धक्का, मग काळजी, मग बीपी, मग ऑपरेशन गेलं!

"छान फिरतायत," ती म्हणाली.

सूनबाईनं मला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं. "बाबा, आईंना कळलेलं दिसत नाही. कळायच्या आत पाणी नितळ करा."

"तू काळजी करू नकोस," मी म्हणालो. "गढूळ पाण्याची अन् माझी जुनी ओळख आहे."

गढूळ पाण्याला काय करतात? तुरटी! मी आयुष्यभर कामावर पिपात तुरटी फिरवून पाणी प्यायलो आहे. बायको आत झोपली आहे असं बघून मी दाढीच्या डब्यातला खडा काढला, बाही वर केली आणि टाकीत हात घालून फिरवला. वर आणखी थोडा फिरवला. माझा हात मुळातच सढळ! पाणी खरंच निवळायला लागलं. मी मिशीवर हात फिरवणार, तेवढ्यात बघतो, सगळे मासे वर! पाण्याच्या काठाला तोंडं लावून आ वासतायत, जशी काही पोरं आईसक्रीमच्या गाडीभोवती.

दुकानदाराला फोन लावला. घडलेलं सांगितलं. पलीकडे त्यानं कपाळावर हात मारल्याचा आवाज मला फोनवर ऐकू आला.

"काका," तो म्हणाला, "त्या स्पंजात जिवाणू राहत होते. पाणी तेच साफ ठेवतात. त्यांना तुम्ही साबण लावलात. आणि वर तुरटी?"

"पाणी निवळलंय पण!"

"निवळलंय ना? मग त्यात आता मासे मरताना स्पष्ट दिसतील! बाहेर काढा त्यांना! आधी बाहेर काढा! शिळं, क्लोरीन उडालेलं पाणी आहे का घरात?"

शिळं पाणी होतं. गच्चीवरच्या पिपात. मी जिना चढलो, उतरलो, परत चढलो. गुडघे ओरडत होते, पण मी नाही! डॉक्टरीणबाईंची आज्ञा होती.

"बादली नको," सूनबाई पोटावर हात ठेवून कुजबुजली. "तिला फिनेलचा वास आहे. पातेलं घ्या."

पाहुणे आले की भाताला काढतो ते मोठं पातेलं घेतलं. चहाच्या गाळणीनं एकेक मासा धरून त्यात सोडला. ओट्यावर भांडी पसरलेली, खाली ठेवावं तर कुणाचा तरी पाय लागणार. म्हणून पातेलं शेगडीवर ठेवलं आणि उड्या मारून बाहेर पडू नयेत म्हणून वर अर्धवट झाकण. मग मी टाकी उपसायला लागलो. अर्धं पाणी काढून नवं शिळं पाणी ओतलं. म्हणजे शिळंच, पण नव्यानं.

एवढ्यात ही झोपेतून उठली. भिंतीला हात लावत आतबाहेर झाली, स्वयंपाकघरात डोकावून आली आणि खुर्चीत बसली. मी टाकीच्या बाजूला ओली बाही मागं लपवून उभा. टाकीत पाणी स्वच्छ. झाडं डुलतायत. आणि मासा एकही नाही!

ती टाकीकडे बघत राहिली. चेहरा कसा शांत, समाधानी.

"आज तर फारच खुशीत आहेत," ती म्हणाली. "छान फिरतायत!"

मी सूनबाईकडे बघितलं, सूनबाईनं माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत पाणी.

"बाबा," ती ओठांनीच म्हणाली, "आईंना काहीच दिसत नाही."

म्हणजे होती नव्हती तीही नजर गेली! आणि मी इथं स्पंज धूत बसलो होतो! आता बीपी गेलं चुलीत, आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठला पाहिजे. मी सदरा शोधायला वळलो.

"अहो," मागून ही म्हणाली, "हल्ली तुमचं लक्ष कुठं असतं?"

"का गं?"

"आंघोळीचं पाणी शेगडीवर चढवलंत आणि गॅस लावायला विसरलात. नशीब, मी चाचपून बघितलं. लावला मी गॅस."

देवा!

मी स्वयंपाकघरात कसा पोचलो ते मला माहीत नाही. मधे एक स्टूल होतं, ते नंतर न्हाणीघरात सापडलं. गॅस बंद केला, झाकण उडवलं, बोट बुडवलं. पाणी कोमट. नुसतं कोमट! आणि मासे? मघाशी काठाला आ वासणारे ते मासे पातेल्यात गोलगोल पळत होते, शाळा सुटल्यासारखे! गच्चीवरचं पाणी त्यांना गारठवत होतं, हिनं त्यांना आयतं ऊन पाणी दिलं. त्या घरात माशांचं ज्याला कळत होतं असं एकच माणूस होतं, आणि तिला काही दिसत नव्हतं!

बाहेरून आवाज आला. "काय झालं हो?"

"झुरळ!" मी ओरडलो.

"मग एवढं मोठ्यानं सांगायला काय झालं? त्यालाही कळलं असेल आता."

मासे टाकीत परत गेले आणि आम्ही तिघं दवाखान्यात. वाटेत मी तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. ती दोनदा म्हणाली, "अहो, दुखतंय." मी सैल केला नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बराच वेळ बघितलं.

"आहे तसंच आहे," त्या म्हणाल्या. "काही वाढलेलं नाही."

"वाढलेलं नाही कसं?" माझा आवाज चढलाच. "रिकाम्या टाकीत हिला मासे दिसतात!"

"टाकी रिकामी होती?" बायको माझ्याकडे वळली. "मग मासे कुठं होते?"

आता लपवून उपयोग नव्हता. मी सगळं सांगितलं. साबण, ताक, तुरटी, पातेलं. गॅसपर्यंत आलो तेव्हा सूनबाईनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झालं, आता ही कोसळणार.

पण हिच्या पोटातून एक हसू निघालं. ते थांबेना. पदर तोंडाला लावून हसली, मग पदर काढून हसली. "म्हणजे मी माशांना आंघोळ घातली!"

"पण तू त्यांना बघत होतीस ना?" मी विचारलं.

"कसले मासे नि कसलं काय! मला ते कधी दिसलेच नाहीत. पहिल्या दिवसापासून. हिरवा डाग दिसायचा आणि पाण्याचा आवाज यायचा. तुम्ही एवढे राबलात, माती आणलीत, झाडं बांधलीत. दिसत नाही म्हणाले असते तर तुमचं तोंड पडलं असतं."

"तोंड पडलेलं तरी कुठं दिसणार होतं तुला?"

"ऐकू आलं असतं."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडाला पट्टा बांधला. खोलीत फक्त पंप दाबल्याचा फसफस आवाज. सूनबाईनं माझा सदरा मागून मुठीत धरला होता. काटा खाली, अजून खाली.

"उत्तम!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजी, ऑपरेशन करू या. पण मासे दिसत नव्हते, तर बीपी उतरलं कशानं?"

"गोळ्यांनीच उतरलं असेल," ही म्हणाली. "आणि रोज दुपारी मला स्वस्थ बसायला मिळालं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच! हे टाकीपाशी गुंतलेले असायचे ना, माझ्या मागं लागायचे नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, जरा निरखून, आणि पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला. मग त्यांनी मला तिथल्याच पलंगावर आडवं केलं आणि बजावलं की गोळ्या आता मलाही चालू!

ऑपरेशन झालं. पट्टी सुटली त्या दिवशी ही घरात शिरली ती सरळ टाकीसमोर. मी शेजारी उभा, कौतुक ऐकायला. ती वाकून, काचेला नाक लावून बघत राहिली.

"एवढेसे?" ती म्हणाली. "यांच्यासाठी माझं भाताचं पातेलं बाटवलंत?"

बाळ वेळेवर आलं. मुलगी. हिनं तिला उजेडाकडे धरून कपाळापासून पायाच्या नखांपर्यंत बघितलं, कुठं काही राहून जाऊ नये असं. हातानं चाचपलं नाही.

टाकी अजून आहे. मी अर्ध्याहून कमी पाणी बदलतो, स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळतो, तुरटी फक्त दाढीला. रोज दुपारी ही खुर्चीत बसायची, आणि नजर चांगली शाबूत असूनही मला चिडवायला म्हणायची, "छान फिरतायत!"

पातेल्यातून वाचलेल्या माशांपैकी शेवटचा मेला, तेव्हा नात नुकतीच शाळेत जायला लागली होती. माझी बायको गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, दुपारी, त्याच खुर्चीत. मी टाकीत हात घालून वाढलेली पानं छाटत होतो. बराच वेळ झाला तरी ती काही म्हणाली नाही, म्हणून मी मागं वळून बघितलं.